सोनं शोधायला निघताना कुत्रा सोबत न्यावा का?

अमळनेरहून एका मुलानं विचारलंय. तो भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे, सोनं धुवायचा पॅन त्यानं मागवून घेतलाय, आणि सुट्टीत सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांवर जाऊन हात बसवायचा त्याचा विचार आहे. घरी तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. "नाना, त्याला सोबत नेऊ का? कुत्र्याला सोन्याचा वास येतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि नेला तर काय काय सांभाळू?" असा त्याचा प्रश्न.

मी सत्तावीस वर्षं खनिज शोधाच्या कॅम्पांवर नमुने गोळा करण्याचं काम केलं. बहुतेक काळ नागपूर-भंडाऱ्याकडे, काही वर्षं कर्नाटकात. आता चोपड्याला घरी असतो. या सगळ्या काळात माझ्याबरोबर कुठला ना कुठला कुत्रा होताच, आणि त्यातला एक माझ्या चुकीनं गेला. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो: ने. पण खान्देशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच दिवसांत ने, आणि कुत्र्याला झेपेल तेवढंच त्या दिवसाचं काम, हे घरूनच ठरवून निघ. "अजून एक पॅन धुतो आणि मग निघू" अशी ज्याची सवय आहे त्यानं कुत्रा घरी ठेवलेला बरा.

आता वासाचं. सोन्याला वास नसतो. ते गंजत नाही, हवेशी त्याचं काही होत नाही, मग नाकापर्यंत पोहोचणार काय? पण तू ऐकलंस ते अगदीच निराधार नाही. फिनलंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आर्नो काहमा यांनी १९६०च्या दशकात कुत्र्यांना दगड हुंगायला शिकवायची कल्पना मांडली. पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं हवा-पाण्याशी आली की कुजतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. ते आपल्याला कळत नाहीत, कुत्र्याला कळतात. हिमनद्यांनी वाहून आणलेले असे दगड मातीखाली, शेवाळाखाली पडलेले असतात, ते कुत्रा दाखवतो. किउरुवेसी भागात ३ चौरस किलोमीटरवर तुलना करून पाहिली, तेव्हा अनुभवी माणसाला २७० दगड सापडले आणि कुत्र्याला १३३०. कर्नाटकातल्या हुट्टीसारख्या खाणीत सोनं अशाच गंधकाच्या खनिजांच्या संगतीनं असतं, त्यामुळे शिकवलेला कुत्रा आडमार्गानं सोन्याच्या जवळ नेऊ शकतो. पण त्याला महिनोन्महिने शिकवावं लागतं, रोजचा सराव ठेवावा लागतो. तुझा लॅब्रॅडॉर नदीकाठी काही हुंगून जागेवर बसला तर तिथं बहुधा मेलेला मासा असेल.

आणि आपल्या भागाचं भूशास्त्र तुला मी सांगायला नको, तरी पॅन हातात आला की माणूस विसरतो. अनेर, गुळी, सुकी, मोर या नद्या सातपुड्याच्या काळ्या बेसाल्टवरून येतात. तो दख्खनचा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. तुझ्या पॅनच्या तळाशी काळी वाळू उरेल, तिच्यावर लोहचुंबक धर, बरीचशी उडून चिकटेल, ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. तापी मात्र मुलताईहून निघते आणि बैतूलकडच्या जुन्या खडकांवरूनही येते, म्हणून तिची वाळू धुवायला जास्त मजा येते, निरनिराळे जड कण दिसतात. पण सोन्याची आशा धरून जाऊ नकोस, हात बसवायला जा. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड, सोनं एकोणीस पटींहून जड. काळ्या वाळूतून हलकं गाळून जड राखायचा हात ज्याचा बसला त्याला पुढं सोनं धुणं सोपं जातं. बालाघाट-भंडाऱ्याकडचे सोनझारी काथवटीत वाळू फिरवायचे, त्यांचंही कसब हेच.

खान्देशात सोनं धुणारे खरे हात बघायचे असतील तर जळगावच्या सराफ बाजारात जा. झारेकरी पहाटे दुकानांपुढची धूळ झाडून नेतात आणि घमेल्यात धुऊन त्यातलं कणकण सोनं काढतात. त्यांच्याकडून दोन तास शिकलास तर महिनाभराचं काम होईल. फक्त कुत्रा तिकडे नेऊ नकोस. शेवटचे कण पकडायला पारा आणि तेजाब वापरायची जुनी रीत आहे, आणि कुत्रा जमिनीवर सांडलेलं चाटतो.

परवान्याबद्दल दोनच वाक्यं. १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पूर्वेक्षण, म्हणजे खनिजाचा शोध, करता येत नाही, तेव्हा तुझं जाणं सरावाचंच असू दे, वाळू आणि खडे तिथंच टाकून ये, आणि काठ कुणाच्या शेताचा असेल तर आधी त्या भाऊला विचार. यावल अभयारण्य आणि अनेर धरण अभयारण्य यांच्या हद्दीत कुत्रा न्यायचाच नाही, वनखात्यानं अडवलं नाही तरी न्यायचा नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार रानातल्या जनावरांना लागतो. २०१८ मध्ये गीरचे सिंह त्या विषाणूनं मेले.

आता मुख्य गोष्ट, ऊन.

माझा ब्रुनो लॅब्रॅडॉरच होता, चार वर्षांचा, अंगानं थोडा भरलेला. मार्चचा शेवटचा आठवडा. मी सुट्टीवर आलो होतो आणि अनेरच्या कोरड्या पात्रात एका डोहाशी वाळू धुवायला बसलो. सकाळी आठला पोहोचलो तेव्हा हवा छान होती. माझे पाय पाण्यात, डोक्यावर टोपी, मला ऊन जाणवलंच नाही. ब्रुनो डोहात उतरायचा, बाहेर येऊन काठ्या आणायचा, मी फेकायचो. साडेदहाच्या सुमारास तो काठी न आणता मधेच थांबला. मला वाटलं दमला. मी पॅन संपवला. त्या एका पॅनला दहा मिनिटं लागली असतील. वर पाहिलं तर तो डोहापासून वीस-पंचवीस पावलांवर काळ्या गोट्यांमध्ये आडवा होता, जीभ चमच्यासारखी रुंद बाहेर, लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या गडद लाल. उचलून पाण्यात आणला, शुद्धीवर आल्यासारखा झाला, शेपटीही हलवली. मी निर्धास्त झालो आणि सरळ घरी नेला. डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊ म्हटलं. रात्री त्याला रक्ताची हगवण सुरू झाली आणि पहाटे तो गेला.

त्यात दोन चुका होत्या, आणि दोन्ही तुला समजून घ्यायच्या आहेत. पहिली ही की मी ऊन माझ्या अंगावरून मोजलं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना थोडा येतो तेवढाच. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापा टाकणं एवढंच साधन. तो जमिनीपासून दीड-दोन फुटांवर चालतो, आणि बेसाल्टचे काळे गोटे सकाळी नऊलाच तापायला लागतात. वरून ऊन, खालून भट्टी. शिवाय लॅब्रॅडॉर खेळ स्वतःहून थांबवत नाही. तुम्ही फेकत राहाल तोवर तो आणत राहील. गावठी कुत्रा शहाणा असतो, सावली दिसली की बसतो आणि हाका मारल्या तरी उठत नाही.

दुसरी चूक जास्त मोठी. कुत्र्याचं तापमान नेहमी ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं, ते ४१च्या वर गेलं की आतड्याला, मूत्रपिंडाला, रक्त गोठण्याच्या क्रियेला इजा होते, आणि ती इजा काही तासांनी दिसते. कुत्रा उठून उभा राहिला म्हणजे संकट टळलं असं नाही. तेव्हा असं झालं तर तिथल्या तिथं सावलीत घे, साधं पाणी सगळ्या अंगावर ओत, पोट आणि जांघा भिजव, पंच्यानं वारा घाल, शुद्धीत असेल तर थोडंथोडं प्यायला दे. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नकोस, त्याखाली उष्णता कोंडते. आणि मग सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे, कुत्रा कितीही ठीक दिसत असला तरी.

म्हणून माझा नियम: मार्च उजाडला की कुत्रा घरी. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे मे महिन्यात कुणी कुत्रा नेत नाही. फसवतो तो मार्च, कारण सकाळ गार असते. थंडीतही खडकावर तळहाताची मागची बाजू टेकवून सहा-सात सेकंद ठेवून बघ. तुला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते नको.

पाण्याचा हिशेब घरून करून निघायचा. बसून असलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलीलीटर पाणी लागतं, चालताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. तुझा लॅब्रॅडॉर तीस किलोचा धरला तर चार लिटर त्याचे वेगळे, तुझे वेगळे. नदीवर चाललोय मग पाणी कशाला, असं म्हणू नकोस. डोहातलं थांबलेलं पाणी उंदीर-घुशींच्या मुतानं खराब झालेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो तुलाही होऊ शकतो. त्याची लस आहे, ती दे. रेबीजची दरवर्षीची लस चुकवलेली असेल तर सहल पुढे ढकल, कारण गावातून जाताना भटकी टोळी अंगावर येतेच.

आता कामाच्या जागी कुत्रा कुठं असावा ते. पॅन धुताना तो तुझ्या खालच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडे वाहत जातं तिकडे. वरच्या बाजूला असला तर गढूळ पाणी तुझ्याकडे येतं आणि पॅनचा तळ दिसेनासा होतो. 'थांब' म्हटल्यावर अर्धा तास एका जागी पडून राहणं हे त्याला अंगणात शिकवून मग नदीवर ने. हात बसवायला बरेच जण पॅनमध्ये शिशाचे छर्रे टाकतात, दहा टाकायचे आणि दहा परत मिळतात का बघायचं. चांगली रीत आहे, पण शिसं कुत्र्याला विष आहे, तेव्हा मोजून टाक आणि मोजून उचल. एखादा काठावर पडला आणि त्यानं गिळला तर महागात पडेल.

पुढं तू नमुने गोळा करायच्या कामाला लागशील तेव्हा हे लक्षात ठेव. सोन्यासाठी मातीचा नमुना घेताना आम्ही बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवायचो, कारण प्रयोगशाळा अब्जात किती भाग एवढं बारीक मोजते, आणि अंगठी जराशी घासली तरी नमुना खोटा ठरतो. कुत्र्याच्या पट्ट्याला सोनेरी मुलाम्याचं घुंगरू किंवा बिल्ला असेल तर तोही काढायचा. साधा नायलॉनचा पट्टा बरा. मेटल डिटेक्टर वापरणार असशील तरी हेच, नाहीतर कुत्रा जवळ आला की यंत्र ओरडतं. आणि नमुन्यांच्या कापडी पिशव्या जमिनीवर ओळीनं मांडू नकोस. आमच्या कॅम्पवर तांबू नावाचा एक कुत्रा आपणहून राहायला आला होता. त्यानं एका संध्याकाळी अकरा पिशव्यांवर एकेक करून पाय वर केला. शाई पुसली गेली, नमुना खराब झाला, आणि ते अकरा खड्डे आम्हाला पुन्हा खणावे लागले. तेव्हापासून पिशव्या दोरीला टांगून ठेवायचो. तांबूला कुणी मारलं नाही, चूक मांडणाऱ्याची होती.

तांबूचं अजून एक सांगतो, कारण कुत्रा कशासाठी न्यावा याचं माझ्यापुरतं उत्तर त्यात आहे. पूर्व विदर्भातल्या जंगलात एकटा नमुना घेताना माणूस खाली वाकलेला असतो, डोळे मातीत, कानात कुदळीचा आवाज. मागून काय येतंय ते कळत नाही. तांबू माझ्याकडे पाठ करून बसायचा. त्यानं मान वर केली की मी हात थांबवायचो. अस्वल दोनदा त्यानं माझ्याआधी ओळखलं. दोन्ही वेळा तो भुंकला नाही, फक्त उठून उभा राहिला, आणि आम्ही हळूच दुसऱ्या वाटेनं निघालो. भुंकत अस्वलाच्या अंगावर जाणारा कुत्रा तेच अस्वल मागे लावून घेऊन तुझ्याकडे पळत येतो. त्यामुळे धीट कुत्र्यापेक्षा शांत कुत्रा सोबतीला चांगला.

खान्देशात अस्वलाहून बिबट्याची धास्ती जास्त. गिरणेच्या पट्ट्यात, चाळीसगाव तालुक्यात २०१७ साली बिबट्यानं माणसं मारली ते तुला आठवत असेल. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. ऊस आणि केळीच्या बागांच्या कडेनं संध्याकाळी कुत्रा घेऊन चालणं म्हणजे त्याला बोलावणं पाठवणं. ऊन उतरण्याची वाट बघत काठावर थांबू नकोस, दुपारी चारला गाडीपाशी पोहोच. रानात मोकळा सोडू नकोस, सहा-सात फुटांची दोरी हातात असू दे.

साप चावला तर, मग तो घोणस असो, फुरसं, नाग किंवा मण्यार, आवळून बांधू नकोस, कापू नकोस. कुत्र्याला चालवू नकोस, उचलून गाडीत घाल. माणसाला देतात तीच लस कुत्र्यालाही चालते, पण ती त्या दिवशी कुणाकडे आहे ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेव. चोपडा, शिरपूर, यावल, जिकडे जाणार असशील तिथल्या डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, सातपुड्याच्या पायथ्याला मोबाइलची रेंज आणि चार्जिंग दोन्ही दगा देतात.

सापापेक्षाही मला कपाशीची भीती वाटते. फवारणी झालेल्या शेतातून कुत्रा धावला, मग पंजे चाटले, की विषबाधा. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, अंग थरथरणं. हे दिसलं की साबणपाण्यानं अंग धुऊन, हातात मोजे किंवा पिशवी घालून, लगेच डॉक्टर. बांधाबांधानं चाल, औषधाचे रिकामे डबे पडलेल्या विहिरीजवळ थांबू नकोस. आणि कठडा नसलेल्या विहिरी तर शेताशेतात आहेत, हेही दोरी हातात ठेवायचं एक कारण.

वाटेत ठेलारींचा मेंढ्यांचा वाडा लागला तर लांबून वळसा घाल. त्यांची कुत्री कामावर असतात, आपला कुत्रा त्यांना चोर वाटतो. धुळ्याकडच्या एका ठेलारी आबांनी मला अहिराणीत सांगितलं होतं, "भाऊ, तुना कुत्राले आठे आनू नको, मना कुत्रा त्याले सोडाव नही." मी मुकाट्यानं अर्धा मैल फिरून गेलो.

पुढं कामानिमित्त जुन्या खाणींच्या भागात गेलास, कोलारला किंवा तशा ठिकाणी, तर कुत्रा नेऊच नकोस. तिथं सोनं काढून उरलेल्या भुकटीचे डोंगर आहेत, त्या प्रक्रियेत सायनाइड वापरलेलं आहे. जवळच्या खड्ड्यातलं पाणी स्वच्छ दिसतं आणि कुत्रा पितो. झुडपांनी झाकलेली जुनी विवरं वेगळीच. भंडारा-नागपूरकडे किटारी, मरुपार, परसोडी या सोन्याच्या भागात रेल्वेनं जायचं तर कुत्र्यासाठी प्रथम श्रेणीचा कूपे किंवा गार्डच्या डब्यातली पेटी एवढाच पर्याय, आणि त्या पेटीत मी थंडीतही कुत्रा ठेवणार नाही.

खाण्याचं सोपं आहे. निघायच्या दोन तास आधी हलकं खाऊ घाल, भरल्या पोटी पळवू नकोस. दुपारी कळण्याच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि उकडलेलं अंडं. तुझ्या डब्यातलं भरीत आणि शेवभाजी त्याला नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

पहिली खेप डिसेंबरात कर. अनेरच्या खालच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गाडीरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर जागा बघ. सोबत एक माणूस घे, एकाचं लक्ष पॅनमध्ये आणि दुसऱ्याचं कुत्र्यात. सकाळी आठ ते अकरा, बस. पहिल्या खेपेला काठी किंवा चेंडू नेऊ नकोस. तो जिभेचं टोक रुंद करून धापा टाकायला लागला की हातातला पॅन अर्धा असला तरी ओतून टाक आणि सावलीत चल.

घरी आल्यावर त्याला आंघोळ घालण्याआधी पंजे उलटे करून बोटांच्या मधे बघ. सराट्याचे काटे वर दिसतात, कुसळ मात्र आत शिरतं आणि आठवड्यानं गळू होऊन वर येतं. मग कानाच्या आतली घडी, काखा, शेपटीखाली, गोचीड तिथंच बसते. चिमट्यानं कातडीला चिकटून धर आणि सरळ ओढ, रॉकेल लावू नकोस. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर डॉक्टरांना "रानात गेला होता, गोचीड होती" हे आधी सांग, म्हणजे ते रक्त तपासतील.